एकाच गोठ्यात काही गायींनाच गोचीड जास्त का? फवारलं तरी आठवड्यात परत येतात

दावणकरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. माझ्याकडे लहानमोठी ११ जनावरं आहेत, ६ एचएफ (होल्स्टीन) संकरित, २ जर्सी क्रॉस, १ गीर आणि २ कालवडी. गोचीड सगळ्यांच्याच गोठ्यात असतात हे कळतं मला पण एक गोष्ट काही केल्या डोक्यात बसत नाहीये. सगळी एकाच छपराखाली, चारा तोच, पाणी तेच, फवारणी पण सगळ्यांवर एकाच दिवशी, तरी दावणीच्या शेवटच्या टोकाला बांधलेल्या तीन एचएफ गायी गोचिडांनी भरलेल्या असतात. कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, कास आणि मांडीच्या मधल्या खोबणीत, नुसता हात फिरवला तरी बोटांना हरभऱ्याचे दाणे लागावेत तसं लागतं. आणि त्याच दावणीच्या दुसऱ्या टोकाला गीर उभी आहे, तिच्या अंगावर शोधून शोधून पाचसहा सापडतात.

दर पंधरा दिवसांनी फवारतो. दोन तीन दिवस बरं वाटतं, आठव्या दिवशी परत जैसे थे. औषध दोन वर्षं तेच आहे, आधी चांगलं लागू पडायचं. मागच्या महिन्यात त्या तिघींतल्या एकीला १०५ च्या वर ताप आला, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली, डोळ्याची आतली पापणी पांढरीफटक पडली. डॉक्टरांनी रक्त तपासून गोचीड तापच सांगितला. वाचली ती, पण दूध निम्म्यावर आलं आणि अजून चढलेलं नाही. रात्रभर तिच्याजवळ बसून होतो, परत तसं कुठल्याच जनावराचं व्हायला नको आहे.

म्हणून मला नवीन औषधाचं नाव नकोय, मला कारण पाहिजे. नेमकं कशामुळे एखाद्या गोठ्यात, एखाद्या गायीवर गोचीड जास्त होतात? ज्यांनी हे भोगलंय आणि त्यातून बाहेर पडलेत त्यांनी सविस्तर लिहा, कितीही मोठं लिहिलं तरी वाचेन.

मुक्तगोठा

दादा आधी एक सांगा, ते शेवटचं टोक भिंतीला लागून आहे का? आणि भिंत कशाची आहे?

विचारतोय कारण माझं अगदी असंच होतं. जुनी दगडमातीची भिंत, गव्हाण पण दगडमातीचीच, खाली मुरूम. मी तीन वर्षं गायीच धुवत बसलो. मग एकदा रात्री एक वाजता कालवड व्याली म्हणून गोठ्यात गेलो, हातात बॅटरी होती, सहज उजेड गव्हाणीच्या मागच्या फटीवर गेला आणि मी तिथेच उभा राहिलो. फटीतून गोचीड चालत बाहेर येत होते, पाय पट्टेरी, आणि सरळ बसलेल्या गायीकडे निघालेले. दुसऱ्या दिवशी खिळ्याने फट उकरली तर आत फुगलेल्या माद्या आणि त्यांच्याखाली खसखशीच्या ढिगासारखी तपकिरी चकचकीत अंडी. एका मुठीएवढ्या जागेत किती असतील सांगता येणार नाही. त्या दिवशी कळलं की मी गाय धुत होतो आणि गोचीड भिंतीत राहत होते.

फटी सगळ्या खरवडून काढल्या, पोकळ्या सिमेंटने भरल्या, वरून चुना दिला, गव्हाणीचा तळ कोबा केला. मागे टेकून ठेवलेली जुनी लाकडं, रिकामी पोती, तुटकी दारं सगळं बाहेर काढलं, कारण त्यांच्याखाली पण तेच. उकिरडा गोठ्याला चिकटूनच होता तो लांब नेला. त्यानंतरच फरक पडला, औषध तेच ठेवून.

तुमच्या टोकाच्या गायी ह्या एचएफ आहेत म्हणूनच भरतात असं नाही, टोकाला आहेत म्हणूनही असू शकतं. एक काम करा, गीर त्या टोकाला बांधा आणि त्यातली एक एचएफ मधे आणा, महिनाभर बघा.

कालवडवाली

मुक्तगोठा दादा म्हणतात ते खरंच आहे, मी त्यात दोन गोष्टी घालते कारण ह्या कोणी बोलत नाही.

पहिली, दावं किती लांब आहे? गाय स्वतःच्या जिभेने अंग चाटून बारीक गोचीड काढून टाकते, अगदी अंड्यातून निघालेली सहा पायांची पिल्लं चढतात ना तेव्हाच. गायीचं स्वतःचं हेच खरं औषध आहे. आपण आखूड दाव्याने दोन्हीकडून जखडून ठेवतो, मान वळत नाही, मग ती चाटणार कशी? माझ्याकडे एक गाय लाथा मारायची म्हणून दोन दोरांनी आखूड बांधलेली असायची, सगळ्यात जास्त गोचीड तिच्यावरच. मोकळी सोडायला लागले तशी दोनतीन महिन्यांत ती बाकीच्यांसारखी झाली. शक्य असेल तर दिवसातले काही तास तरी मोकळं सोडा, आणि अंग घासायला खरखरीत ब्रश नाहीतर काथ्या गुंडाळलेला खांब उभा करा. रोज खरारा केलात तर हातालाच कळतं कुठे काय आहे, माझे अर्धे गोचीड तर खराऱ्यातच सापडतात.

दुसरी गोष्ट, त्या तिघी किती दिवसांच्या व्यायलेल्या आहेत? ताजी व्यायलेली, भरपूर दुधावर असलेली, खुराक कमी पडून हाडं दिसायला लागलेली गाय असेल तर तिची अंगची ताकद दुधात जाते आणि गोचिडांना रोखणं तिला जमत नाही. आजारातून उठलेलीचंही तसंच. मी वहीत लिहिते म्हणून सांगते, माझ्याकडे दरवेळी व्याल्यानंतरच्या दोनअडीच महिन्यांत आकडा चढतो. वही ठेवा खरंच. गाय, तारीख, एका बाजूचे मोठे गोचीड किती, बस एवढंच.

जुनाजाणता

एवढा विचार करत बसू नका हो. एक तर देशी गायी ठेवा, त्यांना गोचीड होतच नाहीत, आणि असलेल्या गायींना आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊन टाका, सगळे गळून पडतात. आमच्याकडे बैलांना नेहमी देतो, काही होत नाही. फवारणीच्या नादाला लागलात तर आयुष्यभर फवारत बसाल. आणि हातात सापडला की तिथेच चिरडून टाकायचा, सोडायचा नाही.

पशुवैद्यक (मोठी जनावरं)

वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. जुनाजाणता भाऊ, तुमचा अनुभव बैलांचा आहे आणि इथे प्रश्न दुभत्या गायींचा आहे, हा फरक फार मोठा आहे. आयव्हरमेक्टिन चरबीत साठतं आणि बरेच दिवस दुधातून बाहेर पडत राहतं, ते दूध घरातली लेकरं पितात. दुभत्या गायीला ते द्यायचं नाही. आणि गोचीड बोटांनी चिरडायचा नाही, ही माझी हात जोडून विनंती आहे. पट्टेरी पायांचे जे गोचीड आहेत त्यांच्यातून क्रिमियन काँगो हा ताप माणसाला होऊ शकतो, त्यात माणसं दगावतात, आणि चिरडताना हाताला लागलेलं रक्त हा त्याचा एक रस्ता आहे. हातमोजे घाला, चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात किंवा औषधाच्या पाण्यात टाका. रॉकेल, डिझेल, जळकं ऑइल अंगाला लावू नका, कातडी भाजते आणि गाय चाटते तेव्हा पोटात जातं.

आता देशीचं. देशी गायींना गोचीड होत नाहीत असं नाही, कमी होतात. वशिंडाच्या गायी, म्हणजे गीर, साहिवाल वगैरे, हजारो वर्षं गोचिडांबरोबर राहिल्यात. गोचीड चावला की त्यांची कातडी लगेच खाजते, त्या लगेच चाटतात, आणि चावल्या जागी शरीर अशी सूज आणतं की बऱ्याच पिल्लांना रक्तच मिळत नाही. एचएफ, जर्सी थंड प्रदेशातल्या, त्यांची केसाळ दाट कातडी आणि मंद प्रतिक्रिया, म्हणून त्या भरतात. संकरित मधे पडतात, परदेशी रक्त जितकं जास्त तितका धोका जास्त. पण एकाच जातीतही गाय आणि गाय वेगळी असते. कुठल्याही कळपात थोड्या गायी बहुतेक गोचीड अंगावर वागवतात आणि बाकीच्या तशा मोकळ्या असतात, आणि हा गुण काही प्रमाणात आईबापाकडून येतो. म्हणून पैदाशीसाठी कालवड ठेवताना आईच्या अंगावर किती गोचीड असायचे हे जरूर आठवा, नुसतं दूध बघू नका.

दावणकरी दादा, तुमच्या प्रश्नाचं मूळ गोचीड कसा जगतो त्यात आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. दोन तऱ्हा लक्षात ठेवा. एक तो निळसर करडा, फुगला की एरंडाच्या बीसारखा दिसणारा. ह्या साम्यावरूनच एरंडाच्या शास्त्रीय नावात रिसिनस हा शब्द आला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच गोचीड. हा एकदा गायीवर चढला की पिल्लाचा मोठा होईपर्यंत तिथेच राहतो, साधारण तीन आठवडे. मादी शेवटच्या रात्री तट्ट फुगते आणि बहुतेक वेळा पहाटे गळून पडते, म्हणजे तुमची गाय पहाटे जिथे बसलेली असते नेमकी तिथेच. मग एकेक मादी दोन ते चार हजार अंडी घालते. उबदार दमट हवेत काही आठवड्यांत पिल्लं निघतात, गवताच्या टोकावर चढून पाय पुढे करून वाट बघत बसतात, आणि ओलावा असला तर काही न खाता महिनोन्महिने तग धरतात. ह्याच्यातून तांबडी लघवी होते.

दुसरा पट्टेरी पायांचा, मुक्तगोठा दादांनी बॅटरीत बघितला तो. हा भिंतीच्या, गव्हाणीच्या फटीत राहतो, आयुष्यात दोन किंवा तीन वेळा जनावर बदलतो, आणि तुमच्या गायीला झालेला गोचीड ताप ह्याच्यामुळे होतो. तुमच्या गायीला तो ताप झाला आणि फवारणीनंतर आठवड्यात मोठे गोचीड परत दिसतात, ह्या दोन गोष्टी एकत्र धरल्या तर मला तुमचा गोठाच मुख्य वाटतोय. गायीवरची पिल्लं आठ दिवसांत तेवढी मोठी होत नाहीत, मोठे दिसतायत म्हणजे एकतर मागचे मेले नाहीत नाहीतर ते भिंतीतून चालत आले.

मेले नाहीत ह्याची पण शक्यता आहे. दोन वर्षं एकच औषध, आधी लागू पडायचं आता पडत नाही, हे ऐकलं की माझ्या मनात पहिली शंका प्रतिकार तयार झाल्याची येते. कमी मात्रा, कमी पाणी आणि तेच औषध वारंवार, ह्या तीन गोष्टींनी तो तयार होतो. एका मोठ्या गायीला नखशिखांत भिजवायला चारपाच लिटर तयार द्रावण लागतं. तुम्ही ११ जनावरांना एकूण किती लिटर वापरता ते मोजून सांगा. आणि नोझल पाठीवर फिरवून उपयोग नाही, पाठीवर गोचीड कमीच असतात. कान आतून, गळ्याखालची पोळी, पुढच्या पायांची बगल, कास, शेपटीचं मूळ, ही ठिकाणं ओली झाली पाहिजेत. औषध बदलायचं तर नुसतं कंपनीचं नाव बदलून चालत नाही. डेल्टामेथ्रिन सोडून सायपरमेथ्रिन आणलं तर ते एकाच घरातलं, अमित्राझ हा वेगळा गट. तुमच्या डॉक्टरांना विचारून गट बदला आणि डब्यावरचं प्रमाण, दूध किती वेळ बाजूला ठेवायचं ते बघा. घोडा असेल तर अमित्राझ त्याच्या आसपास पण नेऊ नका.

कालवडवाली

डॉक्टर, एक विचारू का, गोचिडामुळे दूध खरंच किती कमी होतं? आमच्याकडे घरचे म्हणतात ताप आला तरच नुकसान, नुसत्या गोचिडाने काय होतंय.

पशुवैद्यक (मोठी जनावरं)

ताई, ऑस्ट्रेलियात होल्स्टीन गायींवर मोजलेलं आहे, फुगणाऱ्या एकेका मादीमागे दिवसाला साधारण ९ मिली दूध आणि १ ग्रॅम वजन जातं. एक गोचीड काहीच नाही वाटत, पण शंभर माद्या म्हटल्या की जवळजवळ एक लिटर झालं, ताप नसताना, रोज. आणि ही गोष्ट काही आजची नाही. गोचीड रोग पसरवतो हे १८९३ मध्ये अमेरिकेत गुरांच्या तांबड्या लघवीच्या तापावरच सिद्ध झालं, चावणारा जीव रोग पसरवतो ह्याचा तो पहिल्या पुराव्यांपैकी एक. पुढे १९०६ पासून तिथे गुरं औषधाच्या हौदातून बुडवून काढायला सुरुवात केली आणि तो गोचीड जवळजवळ सगळ्या देशातून हटवायला १९४३ उजाडलं. म्हणून एका फवारणीत संपले नाहीत म्हणून कोणी निराश होऊ नका.

चरायला_सोडतो

माझा मुद्दा छोटा आहे. नवीन जनावर आणलं होतं का मधे? माझ्याकडे बारा वर्षांत दोनदाच गोचीड हाताबाहेर गेले आणि दोन्ही वेळा विकत आणलेल्या गायीबरोबर आले. आता कुठलीही गाय आली की तीन आठवडे वेगळी, लांब, फवारून, आणि तिचं शेण आणि खाली पडलेला चारा पण वेगळा. शिवाय दहा जणांची गुरं एकाच माळावर चरत असतील तर तुम्ही एकट्याने कितीही फवारा, बाकीच्यांनी पण त्याच आठवड्यात केलं तरच फायदा. आणि कुत्री. गोठ्यात झोपणारी कुत्री इकडून तिकडे काय काय आणतात ते बघायचं तर त्यांचे कान उलटून बघा.

दावणकरी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. काल दिवसभर आणि रात्री तुम्ही सांगितलं तसं सगळं बघितलं, एकेक लिहितो.

मुक्तगोठा दादा, टोक भिंतीलाच आहे आणि भिंत विटांची आहे पण गिलावा खालून दीडेक फूट सुटलाय. रात्री बॅटरी घेऊन गेलो. तुम्ही लिहिलंय तसंच दिसलं, मी वाचून गेलो होतो तरी अंगावर काटा आला. विटांच्या सांध्यातून, आणि जास्त करून गव्हाण जिथे भिंतीला मिळते त्या कोपऱ्यातून. दुसरं टोक, जिथे गीर आणि जर्सी आहेत, तिकडे भिंतच नाही, उघडं आहे, ऊन येतं, जमीन सुकी असते. एवढी वर्षं रोज तिथून जातोय आणि हे कधी जोडून बघितलं नाही.

ताई, दावं मोजलं. त्या तिघींचं दोन हात पण नाही, कारण भिंतीला धडकू नयेत म्हणून मीच आखूड केलेलं. आणि तिघीही ह्याच दोन महिन्यांत व्यायलेल्या, म्हणून खुराकाला सोपं पडावं म्हणून मुद्दाम एकत्र बांधलेल्या. म्हणजे सगळं एकावर एक मीच रचत गेलो.

डॉक्टर, एका वेळी पंप एकदाच भरायचो, १५ लिटरचा, सगळ्या ११ जणांना मिळून. तुमच्या हिशोबाने तीन चारच जनावरांपुरतं होतं ते. आणि औषध डोळ्यांच्या अंदाजाने झाकणाने ओतायचो. नवीन जनावर म्हणाल तर एक जर्सी दीड वर्षापूर्वी आणली, तेव्हा वेगळी नव्हती ठेवली.

आता प्रश्न असा की सुरुवात कुठून करू? गायी आधी की गोठा आधी?

पशुवैद्यक (मोठी जनावरं)

एकाच दिवशी दोन्ही. सकाळी जनावरं बाहेर काढा, अंगावर मोजून द्रावण, कडक उन्हात नाही आणि तहानलेली असताना नाही, आधी पाणी पाजा म्हणजे अंग चाटून पोटात कमी जाईल. कासेला धार काढल्यावर लावा आणि पुढच्या धारेला सड स्वच्छ धुऊन घ्या. जनावरं बाहेर आहेत तोवर भिंत, गव्हाणीचे कोपरे, खांबांची बुडं फवारा, गव्हाणीतला उरलेला चारा आधी काढा, फवारलेली गव्हाण सुकल्यावर धुऊन मगच वापरा. वाळलं की फटी भरून घ्या. गोठ्यात आगीची फुंकणी फिरवतात काहीजण, छप्पर आणि कडबा बघता मी कोणाला सांगत नाही. मग डब्यावर जे अंतर दिलंय त्याप्रमाणे परत, निदान तीन चार फेऱ्या, कारण अंड्यांना औषध लागत नाही, ती फुटतील तशी पिल्लं येत राहणार.

आणि एक, कालवडींवर दोनचार गोचीड दिसले म्हणून घाबरू नका. तांबड्या लघवीच्या बाबतीत लहानपणी थोडा संसर्ग झालेलं वासरू बहुतेक वेळा सोसतं आणि पुढे त्याला ताकद राहते. पण संकरित वासरांना गोचीड ताप मात्र जड जातो, खांद्याजवळची गाठ आणि ताप रोज हाताने बघा.

दावणकरी

बरं डॉक्टर. उद्या गवंडी येतोय गिलाव्याला, परवा फवारणी. तिघींना आजच दुसऱ्या टोकाला हलवलं, दावी लांब केली. ती आजारातून उठलेली आहे ना, तिने तिथे गेल्या गेल्या मान वळवून मागचा पाय चाटायला सुरुवात केली, पाच मिनिटं चाटतच होती.

वही पण सुरू केली ताई. पहिलं पान, डाव्या बाजूचे मोठे गोचीड: आजारी होती ती ६३, तिच्या शेजारची ५८, तिसरी ४९, गीर ४. तीन आठवड्यांनी परत मोजून इथेच लिहितो.